छकुलीची हिरडी

३ तारीख, सोमवार

आले एकदाची. गाडी वेळेवर आली, बॅग शाबूत राहिली, किल्ली सांगितल्याप्रमाणे वरच्या मजल्यावरच्या शिंप्यांकडे मिळाली. सगळं इतकं सुरळीत झालं की मलाच चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. घर छान आहे. माझ्या मावसभावासारख्या माणसाला इतकं छान घर कसं मिळालं, हे कोडंच आहे. दोन खोल्या, ऐसपैस स्वयंपाकघर, मागे ऊन येणारी गॅलरी. पडदे भावजयीने निवडले असणार. बहुतेक डोळे मिटून.

दोघं पंधरा दिवसांसाठी तिच्या बहिणीकडे गेलेत. मला या गावात अकरा तारखेला मुलाखतीला यायचंच होतं, मोठ्या दंत रुग्णालयात, वरिष्ठ मदतनिसाच्या जागेसाठी. तेव्हा भाऊ फोनवर म्हणाला की ताई, तू आधीच ये, घर तुझंच आहे, फक्त छकुलीला तेवढं बघ. आपलेच दात नि आपलेच ओठ, नाही कशी म्हणणार? छकुली म्हणजे मांजर असेल असं समजून मी हो म्हटलं होतं.

छकुली अजगर आहे. लहान जातीची, चार फूट लांब, मनगटाएवढी जाड, अंगावर तपकिरी-काळे डाग. शहाण्या माणसांच्या घरात जिथे टीव्ही असतो तिथे यांच्याकडे काचेची मोठी पेटी आहे. त्यात दिवा, पाण्याचं भांडं, लपायला उपडं केलेलं मडकं. विष नाही, आवाज नाही, पाय नाहीत, कसली अक्कल नाही. माणसाने जीव लावावा असं त्या प्राण्यात काय आहे, ते मी पेटीसमोर दहा मिनिटं उभी राहून शोधलं. तिने जीभ बाहेर काढून आत घेतली. एवढंच. पायजम्यात घातली तर निदान नाडीचं काम तरी करेल.

आणि या नाडीला बरं नाही! गेल्या आठवड्यात भावाने तिला उंदीर भरवताना स्टीलचा चिमटा वापरला. (उंदीर फ्रीजमध्ये मटारच्या शेजारी आहेत. डब्यावर भावजयीच्या अक्षरात ‘छकुलीचा खाऊ’.) त्याचा हात थरथरला असणार, लहानपणापासून थरथरतो. तिने उंदीर सोडून चिमट्यालाच तोंड घातलं आणि वरच्या हिरडीला खरचटलं. जरासा ओठ सुजलाय. ब्रश जोरात घासून माझ्या पेशंटांनी याहून जास्त रक्त काढलेलं मी पाहिलंय. पण इथे त्यावर एक अख्खी वही लिहिलेली आहे. शिवाय कापूस लावलेल्या काड्यांच्या दोन बरण्या. एकीवर ‘काड्या’, दुसरीवर ‘काड्या (वापरलेल्या)’. हसून हसून पोट दुखलं.

४ तारीख, मंगळवार

सकाळी प्राण्यांची डॉक्टर येऊन गेली, मला शिकवायला. एकोणीस वर्षं मी लोकांच्या तोंडात डोकावतेय आणि ही सव्वीस वर्षांची पोरगी मला जखम पुसायला शिकवणार. वर ‘काकू’ म्हणते. अजगराशी मात्र लाडात बोलते, आमचं बाळ कसं आहे, बघू बघू, आ कर. बाळाने आ केलं नाही, तेव्हा तिने पातळ प्लॅस्टिकची पट्टी ओठाच्या कडेने सरकवून ते उघडलं. हात चांगला आहे तिचा, हे कबूल करायला हवं. अंगठा खाली, दोन बोटं जबड्यामागे, बाकीचं अंग टॉवेलमध्ये गुंडाळलेलं.

आयोडिनचं औषध पाण्यात टाकायचं, पातळ चहाचा रंग येईपर्यंत. काडी बुडवायची, जखमेवरून हलकेच फिरवायची, सकाळ-संध्याकाळ. दिवा चालू ठेवायचा, कारण यांच्या अंगात स्वतःची ऊब नसते. थंडी लागली तर जखम भरत नाही. खालचा भुसा काढून साधा कागद. तेरा तारखेपर्यंत खायला काही द्यायचं नाही. घट्ट पांढरा पू दिसला तर फोन करायचा. तेरा तारखेला ती स्वतः येऊन बघेल.

तोंड मात्र बघण्यासारखं निघालं. वर दातांच्या चार रांगा, खाली दोन, सगळे मिळून शंभराच्या आसपास, सुईसारखे बारीक आणि घशाकडे वळलेले. आत गेलेलं बाहेर येऊ नये म्हणून. ओठावर बारीक खड्ड्यांची ओळ. त्यांनी तिला ऊब दिसते म्हणे, अंधारातही, डोळे मिटूनही. डॉक्टरीणबाईंनी जाताना तीनदा बजावलं की दात हलताना दिसला तरी ओढायचा नाही, यांचे दात आपोआप पडतात आणि आपोआप येतात. वहीतही तेच, लाल शाईत: काहीही ओढून काढू नये.

मी काय ढेकळातून आलेय? मान डोलावली आणि तिला वाटेला लावलं.

५ तारीख, बुधवार

आज मी दात काढला.

नीट लिहिते, कारण ही माझ्या आयुष्यातली मोठी गोष्ट आहे आणि ऐकायला दुसरं कुणी नाही. एकोणीस वर्षं मी डॉक्टरांच्या डाव्या बाजूला उभी राहिले. त्यांनी नुसता हात पुढे केला की त्यात पकड ठेवायची. कोणती, हे ते सांगतही नसत, मला कळायचं. त्यांच्या आधी कळायचं. शेवटच्या काही वर्षांत त्यांचे हात इतके थकले होते की साधी हलती दाढ काढताना घाम फुटायचा, आणि मी शेजारी उभी, हाताला मुंग्या येताहेत, पण हात लावायची सोय नाही. एकदा मी म्हटलं, मी काढू का? पेशंटसमोर हसले. म्हणाले, बाई, तुम्ही कापूस धरा. दवाखाना बंद करताना मला भिंतीवरचं घड्याळ दिलं. बंद पडलेलं.

तर आज सकाळी काडी फिरवताना दिसलं, खरचटलंय तिथलाच एक दात तिरका होऊन लोंबतोय. आपोआप पडेल, हे काय मला कळत नव्हतं? पण माझी हत्यारांची पेटी माझ्याबरोबर असते. बारीक चिमटा काढला, धरला, किंचित पिळला आणि खेचला. टक् झालं. झालंच ते टक्, मला बोटांत जाणवलं. रक्ताचा एक ठिपका. नाडीने हूं की चूं केलं नाही.

दात चहाच्या बशीत ठेवून किती तरी वेळ बघत बसले. पापणीच्या केसाएवढा. मला रडू आलं. त्या थकल्या म्हाताऱ्याची आठवण येऊन नाही. आनंदाने.

६ तारीख, गुरुवार

आज चार काढले.

ते हलत नव्हते. हे लिहून ठेवायला हवं. चांगले घट्ट, निरोगी दात होते, जखमेपासून लांब. एकासाठी दोनदा पकड बदलावी लागली. ती टॉवेलमध्ये वळवळली, तेव्हा मी गुडघ्याने दाबून धरलं. कुणाला कळणार आहे? शंभरातले पाच. आणि आपोआप येतातच ना, डॉक्टरीणबाईच सांगून गेल्या. माणसाला पैशाने मिळत नाहीत ते दात हिला निसर्ग फुकट देतो, आणि ती त्यांनी करते काय? मेलेला उंदीर गिळते. नाकापेक्षा मोती जड.

शेवटचा काढताना तिने तोंड मिटलं आणि माझ्या तर्जनीला सुया टोचल्या. पाच ठिपके. सवयीने बोट चोखलं. आयोडिनची चव आली आणि आणखी कसली तरी, ओल्या कागदासारखी.

भावाचा फोन आला. छकुली त्याची आठवण काढते का, असं विचारत होता. मी म्हटलं, सारखी रडतेय. त्याला क्षणभर खरं वाटलं. तेहतीस वर्षांचा घोडा.

जेवले नाही. भूक नव्हती.

७ तारीख, शुक्रवार

सकाळी चूळ भरताना जीभ अडखळली. खालच्या डाव्या बाजूला दाढेच्या अलीकडचा दात नाही.

माझे बत्तीसच्या बत्तीस शाबूत होते. सत्तेचाळिसाव्या वर्षी! मला रूप नाही, नवरा नाही, बँकेत सांगण्यासारखं काही नाही, पण दातांत माझा हात धरणारा मी कुणी पाहिला नाही. एकालाच चांदी भरलेली होती, आणि नेमका तोच गेला. ना दुखलं, ना रक्त. हिरडी गुळगुळीत, कधी काही नव्हतंच अशी. उशी झटकली, चादर झटकली, खाटेखाली पाहिलं. झोपेत गिळला असेन.

असं होत नाही. मला माहीत आहे असं होत नाही. दात गेल्याचा खड्डा एका दिवसात भरत नसतो, निदान सहा आठवडे लागतात. असो. मुलाखतीला तोंड मिटून हसेन. तसंही त्या लोकांपुढे दात काढण्यासारखं काय आहे?

संध्याकाळी छकुलीची जखम पुसली. भरत आलीय.

८ तारीख, शनिवार

पुसताना पांढरं दिसलं. पहिला मी काढला होता त्याच जागी, हिरडीत, तांदळाच्या दाण्याएवढं. पू असणार म्हणून काडीने टिपलं. निघेना. घट्ट होतं. तोंडात घालायचा आरसा आणला, दिवा जवळ ओढला.

दात आहे. सुईसारखा नाही. चौकोनी, वर दोन उंचवटे, मधे राखाडी चांदी. चांदीचा कोपरा किंचित उडालेला. ती चांदी मी कालवली होती, सात वर्षांपूर्वी, स्वतःच्या दातासाठी स्वतःच, आणि डॉक्टरांनी भरताना कोपरा बिघडवला तेव्हा मनातल्या मनात शिव्याही घातल्या होत्या. तो कोपरा मी रोज जिभेने चाचपायचे. हजार दातांत ओळखेन.

मी फोटो काढला आणि त्या पोरीला पाठवला. दहा मिनिटांत तिचा फोन. खूश होती. म्हणाली की काकू, हिरडी किती सुंदर भरलीय, तुमचा हात फार हलका आहे, कुठे शिकलात? मी विचारलं, पांढरं दिसतंय का काही? म्हणाली, छे, काहीच नाही. मी फोटो मोठा करून पुन्हा पाहिला. गुलाबी हिरडी. फोटोत दात नाही. तोंडात आहे.

म्हणजे मला वेड लागलंय, असं समजून चालू. हे बरं. वेडावर औषध असतं. पण खाली किराणा आणायला निघाले तर जिन्यात शिंपी भेटले आणि म्हणाले, ताई, दात काढला वाटतं? सोमवारी किल्ली घेताना हसलात तेव्हा होता. भल्या माणसाची नजर शिवणीवर असायला हवी, ती माझ्या तोंडावर कशाला? मी तशीच वर आले. किराणा राहिला. भूक अशीही नाहीच.

९ तारीख, रविवार

आणखी चार गेले. समोरचे दोन, वरचा सुळा, एक दाढ.

पाच काढले. पाच गेले. एवढं सरळ गणित अडाण्यालाही कळेल. ठीक आहे. फिटलं.

पण रिकाम्या जागी काही तरी येतंय. जिभेला टोचतं. आरशात पाहिलं. केसाएवढं, मागे वळलेलं, एकामागे एक. माझ्या हिरडीत.

दुपारी पेटी उघडली. ठरवलं होतं, माझं आहे ते मी परत घेणार. एका बिनडोक जनावराकडून आपली वस्तू परत घ्यायला कुणाला भ्यायचं? तोंड उघडलं. पाचही तिथे, तिच्या बारीक जबड्यात दाटीवाटीने बसलेले. हिरडी ताणून पांढरी पडली होती. चांदीवाला चिमट्यात धरला आणि पिळला.

आणि मी ओरडले. कळ माझ्या जबड्यात आली, डाव्या बाजूला, जिथे काहीच नाही तिथे. मुळापासून. तिला काही झालं नाही. टॉवेलातून माझ्याकडे बघत होती. पापण्या नसतात यांना, बघतच असतात. एकोणीस वर्षं खुर्चीतली माणसं अशी कळवळताना पाहिली आणि मनात म्हटलं, किती ही नाटकं.

नाटक नसतं ते.

मला भीती वाटते. लिहून टाकलं. आता बरं वाटायला हवं होतं.

१० तारीख, सोमवार

अंग गार पडलंय. ताप नाही, उलट. दोन स्वेटर घातले, चादर घेतली, उपयोग नाही. चादरीला स्वतःची ऊब नसते, आणि आता मलाही नाही. काचेला टेकून बसले, दिव्याच्या बाजूला, तेव्हा बोटं हलायला लागली. म्हणून लिहिता येतंय.

भिंतीला हनुवटी टेकली की शिंप्यांचं मशिन ऐकू येतं. कानाने नाही. जबड्यातून. टाके मोजता येतात. ते उठले, खिडकीपाशी गेले, परत बसले. त्यांचा डावा पाय जड पडतो.

फोन करायला गेले. भावाला सांगणार होते की उद्याच्या उद्या ये. त्याने उचलला, आणि मला शब्द फुटेना. समोरचे दात नसले की काही अक्षरं निसटतात, ते ठाऊक होतं. कवळीवाल्या म्हाताऱ्यांच्या नकला करून मी दवाखान्यात लोकांना हसवलंय. हे तसं नाही. नुसती हवा येते. तो घाबरला नाही. म्हणाला, लाइन खराब आहे ताई, फुस्स फुस्स ऐकू येतंय. छकुलीला पापा दे म्हणाला.

गाढव. माझं गाढव. ये ना रे.

आणखी तीन गेले. पाच फिटले होते ना — मग हे कशाचे?

११ तारीख, मंगळवार

मुलाखतीला गेले. मास्क लावून. दाताच्या रुग्णालयात मास्कवर कोण संशय घेतंय? उन्हाच्या बाजूने चालत गेले, सावली आली की पाय जड. मुलाखत घेणाऱ्या मोठ्या बाईंच्या खोलीत पंखा फुल.

मला प्रश्न विचारले. मी कागदावर उत्तरं लिहून दिली, घसा बसलाय असं आधी लिहून. हत्यारांची नावं, क्रम, उकळायची वेळ, सगळं बरोबर. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, तुमच्यासारखा अनुभव आमच्याकडे कुणाचा नाही. एकोणीस वर्षांत मला कुणी असं म्हटलं नव्हतं. मग म्हणाल्या, आता मास्क काढा, चेहरा तर बघू.

मी नाही म्हणून मान हलवली. त्या हसत उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या आणि आईच्या हक्काने मास्कची दोरी ओढली.

त्यांचा हात गरम होता. मला तो दिसला. डोळ्यांनी नाही. ओठांवर — तो येताना, लाल, उजळ, प्रत्येक बोट वेगळं —

त्या किंचाळल्या. मी पळाले. मागे खुर्ची पडली.

मी त्यांना काही केलं नाही. नक्की केलं नाही. तोंड उघडलं होतं, एवढंच. मोठं उघडलं गेलं.

१२ तारीख, बुधवार

माझ्या ओठावर खड्डे. अकरा. बोटाने मोजले.

माझा आता एकही दात नाही. सगळे तिच्याकडे. तिचं तोंड मिटत नाही, मावत नाहीत. काचेतून दिसतात. ती हसत नाही, सापाला हसता येत नाही, मला माहीत आहे. पण माझे दात दिसतात, ओळीने, स्वच्छ, आणि वर ते डोळे — मी तिच्याकडे बघायचे तशी बघते. पहिल्या दिवशी मी बघितलं तशी. यात जीव लावावा असं काय आहे, म्हणून.

मी पाच घेतले होते. तिला मोजता येत नाही. जनावर ते.

की येतं? चार हलत नव्हते. ते एकाला एक असे फिटत नाहीत बहुतेक. ओरबाडून घेतलेलं —

बाहेर पडायचा प्रयत्न केला. जिन्यापर्यंत. फरशी गार. तिथेच थिजले. शिंप्यांनी उचलून आत आणलं, दिव्याशी बसवलं, कपाळाला हात लावून म्हणाले, बर्फ झालाय. भला माणूस. त्यांच्या मानेवरची शीर उडत होती, उजळ. मी तोंड गुडघ्यात खुपसून धरलं, ते जाईपर्यंत.

भूक लागलीय. मटारशेजारचं सगळं संपवलं. डबा धुऊन ठेवला. लेबल तसंच. पुरलं नाही. गरम नव्हतं.

१३ तारीख, गुरुवार

ती आलीय. डॉक्टर. बेल वाजवली, मी उघडलं नाही. शिंप्यांकडची दुसरी किल्ली घेऊन आली.

आल्या आल्या पेटीकडे गेली नाही. माझ्याकडे आली. इतकी अक्कल मी हिच्यात धरली नव्हती. जमिनीवर बसली, समोर. काकू काय झालं, किती गार पडलात. मी गुडघ्यांत तोंड घालून लिहितेय. ती दिसतेय तरी. पूर्ण. हात सगळ्यात उजळ.

वहीवर मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं, जा. जवळ येऊ नको. तिने वाचलं. म्हणाली की घाबरू नका, सगळे दुखणेकरी आधी असंच करतात, मी कुठे जात नाही. हिला कुणी शिकवलं हे — मूर्ख पोरगी. चांगली पोरगी. जा ना गं —

हातमोजे काढलेत. गार लागू नये मला, म्हणून.

लिहायचं थांबवायचं नाही. लिहितेय तोवर मान खाली आहे. मान खाली आहे तोवर तोंड मिटलेलं. लिही. काहीही. आयोडिन. पातळ चहाचा रंग. काडी. सकाळ संध्याकाळ. सकाळ

अंगठा हनुवटीखाली आला. दोन बोटं जबड्यामागे. बरोबर धरलंय. अगदी बरोबर. मान वर करतेय माझी, हळू, लाडात. पेन्सिल सुटू नये. म्हणतेय, मी काही ओढणार नाही, नुसतं बघते, आमच्या काकू किती शहाण्या, आ करा बघू, आ